माया देवळाबाहेरच्या चपला

एकेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याने एकाही देवळात पाऊल ठेवलेलं नाही. पण देवळाबाहेर त्यांच्याइतका बसलेला माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही. हे नास्तिक. लग्नाआधीच सांगितलं होतं, फसवलं वगैरे काही नाही. गाडी काढून मला नेणार, हार घेऊन देणार, नारळ निवडून देणार, आणि दारात पोचलो की म्हणणार, "तू जा, मी बसतो चपलांपाशी." तुळजापूर असो की कोल्हापूर, हेच. इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत आमच्या देवळात चपलांना चांगले लाकडी कप्पे आहेत, चोरीचा प्रश्नच नाही, तरी हे कप्प्यांसमोरच्या बाकावर बसून राहतात. ओळखीत कुणी भारतात देवदर्शनाला निघालं की ह्यांना आधी आमंत्रण. भाविक शंभर मिळतात हो, चपलांपाशी विश्वासाने बसणारा माणूस मिळत नाही.

इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती चौदा महिन्यांपूर्वी, ह्यांना हार्ट अटॅक आला तेव्हापासून.

हे भूलतज्ज्ञ. तीसेक वर्षं हॉस्पिटलात लोकांना झोपवलं आणि, मुख्य म्हणजे, परत उठवलं. मी त्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. गुडघा बदललेल्या आज्यांना ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी जिना चढायला लावणं हे माझं काम. त्या आज्या माझ्या पाठीमागे मला काय म्हणायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोघं रिटायर झालो, म्हटलं आता जरा मजा करू, आणि एका सकाळी बागेत गवत कापता कापता हे खाली बसले. ॲम्ब्युलन्स, दोन स्टेंट, आठवडाभर वॉर्डात, मग घरी.

पुढचं सगळं छान झालं. रिपोर्ट छान, रिहॅब छान. हार्टचे डॉक्टर म्हणाले, चाला, जिने चढा, पोहा, काय वाट्टेल ते करा. पण आयुष्यभर दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचणाऱ्या ह्या माणसाचा स्वतःच्या रिपोर्टवर काडीचा विश्वास बसेना. डायनिंग रूममधलं टेबल गॅरेजमध्ये गेलं आणि तिथे बेड आला. "थोडे दिवस," हे म्हणाले. खाली शॉवर होताच. आमच्या घराचा जिना तेरा पायऱ्यांचा. चौदा महिन्यांत ह्यांनी त्यातली एकही चढली नाही. मी वर, हे खाली. झोपायच्या आधी खालून वर फोन यायचा, "लाइट बंद केलास का?" एकाच घरात ट्रंककॉल!

आणि मग ते चपलांपाशी बसणं सगळीकडे पसरलं. सुपरमार्केटला गेलो की, "तू जा, मी गाडीत बसतो." पार्कात गेलो की पहिलाच बाक. स्लाऊला मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं, हॉल पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. हे सूट-टाय घालून खाली लॉबीत लोकांचे कोट सांभाळत बसले, नवरीचं तोंडसुद्धा बघितलं नाही. जगात जिथे जिथे पायरी, तिथे तिथे ह्यांना काहीतरी सांभाळायचं असतं.

तुम्ही म्हणाल, बसू दे ना बिचाऱ्याला. नाही! माझं आयुष्य ह्यात गेलंय. माणूस एकदा भीतीने बसला की बसलाच. आधी मांड्या जातात, मग तोल जातो, मग एक दिवस तो खुर्चीतूनच खिडकीबाहेर बघत राहतो आणि घरचे म्हणतात, वय झालं. मला ह्यांना तिथे जाऊ द्यायचं नव्हतं. एक जिना, एकच, त्यांनी आपल्या मनाने चढावा. एकदा कळलं की आपण चढून मरत नाही, की घरच्या तेरा पायऱ्या काय चीज आहे. ह्यासाठी मी काय नाही केलं! लाडीगोडी केली, आरडाओरडा केला, वरच्या मजल्यावर क्रिकेटची मॅच लावून ठेवली. ह्यांनी खाली बसून नुसत्या आवाजावर मॅच ऐकली.

शेवटी मी क्रूझ काढली.

साउथॅम्प्टनहून निघून कॅरिबियन फिरून परत. बोटीवर उतारवयातले लोक, सगळीकडे लिफ्ट, ह्यांना एकदम पसंत. मी मात्र बंदरांवरच्या सहलींची यादी चष्मा लावून वाचत होते. मध्य अमेरिकेतल्या बेलीझच्या पानावर सापडलं: माया लोकांची प्राचीन देवळं, कोचने, म्हणजे मोठ्या बसने, एक तास, आणि खाली जिना चढणाऱ्या माणसाचं चित्र. म्हणजे पायऱ्या चढाव्या लागतील, तब्येत सांभाळा. बाकीच्यांना तो इशारा होता. मला निमंत्रण वाटलं. लगेच दोन तिकिटं बुक केली आणि ताकास तूर लागू दिली नाही.

एडिनबऱ्याच्या लेकीला तेवढं सांगितलं. तिचा जन्म इथला, तिचं मराठी तिचं आहे. "आई, तू बाबाला फोर्स नको करू. त्याचा काळजी मला पण आहे. ही इज नॉट युअर पेशंट."

"मग कुणाचा आहे?" मी म्हटलं आणि फोन ठेवला.

बोटीवर बेलीझच्या आदल्या सकाळी मी विषय काढला. ह्यांनी सहलीचा कागद वाचला, पॉरिजचा चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे देवळंच ना ही?"

"तिथले देव रिटायर झालेत. तुमच्यासारखेच. पूजा नाही, प्रसाद नाही, पुजारी नाही. तुमच्या नास्तिकपणाला धक्का लागणार नाही."

"हं. जमलं तर चढीन."

"जमलं तर नाही. चढीन म्हणा."

समुद्राकडे बघत हे म्हणाले, "चढीन." मी ते ऑपरेशनच्या कन्सेंट फॉर्मवर सही घेतल्यासारखं धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी छोट्या बोटीने किनाऱ्यावर आलो आणि कोचमध्ये बसलो. चाळीस माणसं, बहुतेक सगळी साठीच्या पुढची, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. आमच्या पलीकडच्या सीटवर डर्बीच्या एक बाई होत्या, ऐंशीच्या पुढच्या, शाळेच्या किचनमध्ये आयुष्यभर मुलांना जेवण वाढून रिटायर झालेल्या. सगळ्यांना "डक" म्हणायच्या, आपण बाळा-राजा म्हणतो तसं. एकट्याच फिरत होत्या. "मुलगा म्हणाला नको जाऊस, म्हणून आले," त्यांनी मला सांगितलं. बघा, असं पाहिजे! मी ह्यांना कोपराने ढोसलं. हे खिडकीबाहेर केळीची झाडं बघत होते.

गाइड गव्हाळ, तिशीतला, माया वंशातलाच. म्हणाला, "आधीच सांगतो, माया लोक गेले कुठे असं मला विचारू नका. गेलेले नाहीत. माझी आई घरी आहे आणि माझ्यावर चिडलेली आहे." मला तो मुलगा आवडला. देवळापाशी पोचल्यावर त्याने पंधरा मिनिटं माहिती दिली, दीड तास मोकळा दिला आणि तिकीटघराच्या सावलीत जाऊन बसला.

ढगाळ हवा होती, बरं वाटत होतं. हिरवंगार मैदान आणि मधोमध ते देऊळ, पायऱ्यापायऱ्यांचं, डोंगरासारखं. समोरून सरळ वर जाणारा दगडी जिना. पन्नास-साठ पायऱ्या असतील, आणि प्रत्येक पायरी आपल्या दीड पायरीएवढी. हे त्या जिन्याकडे बघत होते आणि मी ह्यांच्याकडे. रंग ठीक होता. श्वास ठीक होता. "चला," मी म्हणाले. "चल," हे म्हणाले! शप्पथ सांगते, म्हणाले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

आम्ही पहिल्या पायरीपाशी आलो. आणि तिथे माझ्या पायांनी घात केला. डोक्याला काही विचारलंच नाही हो त्यांनी. साठ वर्षांची सवय. समोर दगडी देऊळ, दगडी पायरी. उजव्या पायाने डावी चप्पल काढली, डाव्याने उजवी, मी वाकले, पायरीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मागून आवाज आला, "तू जा, मी बसतो चपलांपाशी."

आणि हे बसलेसुद्धा. बाजूला एक दगड होता, जसा काही ह्यांच्यासाठीच ठेवलेला.

"अहो, उठा! इथे चपला काढायच्या नसतात!"

"मग तू का काढल्यास?"

तेवढ्यात मागे पावलं वाजायची थांबली. अख्खा कोच आमच्यामागे उभा. आता ब्रिटिश माणसाचं कसं आहे, नियम मोडला तरी त्याला चालतं, पण दुसऱ्याच्या देवाचा मान ठेवला नाही असं कुणी म्हटलेलं अजिबात चालत नाही. आणि पुढे एक साठीपलीकडची भारतीय बाई, अनवाणी, पायरीला नमस्कार करतेय. म्हणजे हिला माहीत असणार! एका उंच गृहस्थांनी हळूच विचारलं, "ओह, इज इट शूज ऑफ?"

मी "नो, नो" म्हणणार इतक्यात माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षांच्या सरावाने हात पुढे केला. "लीव्ह देम विथ मी," म्हणाले, "आय ॲम लुकिंग आफ्टर देम."

संपलं. रांग लागली. रांग लावायला ह्या लोकांना काय, दोन माणसं पुरतात. एकेक जण येतोय, एका पायावर डुलत लेस सोडतोय, सॉरी म्हणतोय, मोजे घालू का काढू विचारतोय. आणि हे! इतके खुशीत मी ह्यांना अटॅकनंतर पाहिलं नव्हतं. सहलीचं माहितीपत्रक फाडून त्याचे चौकोन केले, त्यावर नंबर घातले आणि टोकन द्यायला लागले. अर्धं टोकन माणसाला, अर्धं बुटात. ट्रेनर एका ओळीत, सँडल दुसऱ्या ओळीत, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर ठेवतात तसे. डर्बीच्या बाईंचा नंबर सतरा. त्यांचे बूट रुंद, मऊ, वेलक्रोचे. ह्यांनी ते हातात घेऊन आतून-बाहेरून नीट बघितले. मला वाटलं, झालं, आता बुटांची तपासणी सुरू.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने. इतके दिवस खपून, समुद्र ओलांडून ह्यांना पायरीपर्यंत आणलं, आणि ह्यांना चाळीस जोडांचं निमित्त मीच मिळवून दिलं. "बसा इथेच जन्मभर," म्हणाले मी, आणि पाय आपटत वर गेले. अनवाणी पाय आपटले की आवाजही येत नाही, तोही एक अपमान.

वर वारा छान होता. चारी बाजूंनी जंगल, मध्ये दुसऱ्या देवळांची टोकं. लोक फोटो काढत होते. मी काही बघितलं नाही. डर्बीच्या बाई सावकाश, थांबत थांबत, शेवटी वर पोचल्या आणि कडेच्या दगडावर बसल्या. मी त्यांच्याशेजारच्या पायरीवर बसले आणि भडाभडा बोलायला लागले. मराठीत बोलायची सोय नव्हती, म्हणून जमेल तेवढ्या इंग्लिशमध्ये नवऱ्याची कुंडली मांडली. भित्रा आहे, हट्टी आहे, मला वर एकटीला झोपायला लावतो, एक जिना चढत नाही.

"माझा चपला सांभाळणारा नव्हता, डक," त्या म्हणाल्या. "हरवणारा होता. एकदा स्वतःचा दातांचा सेट बसमध्ये विसरला."

मी हसले, पण थांबले नाही. बोलता बोलता ढग गेले आणि ऊन पडलं. कसलं ऊन ते! दहा मिनिटांत दगड तव्यासारखे तापायला लागले. कॉव्हेंट्रीच्या कार्पेटवर चाळीस वर्षं वाढलेले माझे पाय, मी ते उचलून पिशवीवर ठेवले. आजूबाजूला धमाल उडाली. उंच गृहस्थ एका पायावरून दुसऱ्यावर नाचत होते. कुणी टोपी पायाखाली घातली, कुणी माहितीपत्रकावर उभं राहिलं. मग एकेक जण "ऊ, आ, सॉरी, ऊ" करत खाली पळाला. डर्बीच्या बाई निवांत.

"तुम्हाला चटके बसत नाहीत?" मी विचारलं.

"छे, मला तर छान गार वाटतंय, वारा काय सुंदर आहे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, कणखर बाई आहे. आणि पुढे बोलायला लागले.

खाली काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. गाइड चाळीस अनवाणी इंग्रज नाचताना बघून धावत आला आणि ह्यांना म्हणाला, "सर, हा तुमच्या देशातला काही धार्मिक विधी आहे का?" हे म्हणाले, "मला वाटलं, तुमच्या." मग हे टोकन घेऊन ज्याचा त्याला जोड परत द्यायला लागले. एक एक ओळ कमी होत गेली. शेवटी माझ्या चपला उरल्या आणि नंबर सतरा.

मी वरून बघितलं तर हे उभे राहिले होते. बाईंचे बूट छातीशी धरलेले. जिन्याकडे बघत होते. मग त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

मी बोलायची थांबले. दुसरी पायरी. तिसरी. एक हात बुटांना, दुसरा हात वरच्या पायरीला टेकत, वाकून, शाळेतल्या पोरासारखे. दहाव्या-बाराव्या पायरीला थांबले. मी मनात म्हटलं, आता बसणार. नाही बसले. मधोमध पुन्हा थांबले, मान वर केली, चेहरा लालबुंद. मी तोंडावर हात ठेवला. परत चढायला लागले. आणि काय सांगू, मला असं भरून आलं! आले, माझ्यासाठी आले, म्हटलं, दिलेला शब्द पाळला. मी चक्क केस सारखे केले. बाईंना म्हणाले, "बघा, आला शेवटी."

हे वर पोचले. धापा टाकत होते. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "सरक जरा," आणि माझ्यासमोरून जाऊन बाईंच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसले.

"मॅडम, तुम्हाला डायबिटीस किती वर्षं आहे?"

"वीस. का, डक?"

"पाय दाखवा."

बाईंनी पाय उचलला. तळवा लालभडक होता आणि टाचेपाशी फोड यायला लागला होता. दुसऱ्याचीही तीच गत. "अगंबाई," म्हणत त्या आपल्याच पायाकडे दुसऱ्याचा असल्यासारख्या बघत राहिल्या. त्यांना काही कळलंच नव्हतं. डायबिटीसने पाय बधिर झालेले. तापलेल्या दगडावर ठेवा नाहीतर बर्फावर, सारखंच. ह्यांनी ते खालून ओळखलं होतं. तसले बूट ह्या रोगाच्या लोकांना करून देतात, आतून शिवण नसलेले. आणि सगळे नाचत खाली येत असताना त्या एकाच जोडाचा धनी आला नव्हता.

मी त्यांच्याशेजारी अर्धा तास बसले होते. मी! तीस वर्षं लोकांचे पाय हातात धरलेली बाई. त्या म्हणाल्या गार वाटतंय, आणि मी त्यांना माझ्या नवऱ्याच्या भित्रेपणाची गोष्ट सांगत राहिले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"पाण्याची बाटली दे," हे म्हणाले. मी दिली. "आणखी. खाली ओरड, सगळ्यांच्या बाटल्या मागव. वीस मिनिटं पाणी घालायचंय." तो आवाज! हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ऐकू यायचा तो, न चढवता सगळ्यांना कामाला लावणारा. घरी चौदा महिने मला फक्त लाइट बंद केलास का विचारणारा आवाज ऐकू येत होता. मी ओरडले, बाटल्या वर आल्या, माझ्या चपला घेऊन गाइड पळत आला. हे धार धरून होते आणि बाईंशी गप्पा मारत होते, शाळेत कस्टर्ड कसं करायचे, किती मुलं असायची. मी पिशवीतली छत्री धरून उभी. वीस मिनिटांनी माझ्या गळ्यातली स्वच्छ सुती ओढणी मधोमध फाडून दोन्ही पावलांना सैल गुंडाळली. बाई बुटांकडे हात करायला लागल्या तर हे म्हणाले, "बूट अजिबात घालायचे नाहीत." ज्या बुटांसाठी एवढे चढून आले, ते घालायला ह्यांनीच मनाई केली!

"बोटीवर गेल्या गेल्या डॉक्टरला दाखवायचं," त्यांनी बाईंकडून कबूल करून घेतलं. मग मी गाइडला आणि त्या उंच गृहस्थांना चार हातांची खुर्ची कशी करायची ते दाखवलं. तेवढं तरी माझ्या हातून झालं. खुर्चीत बसून जाताना बाई ह्यांच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "थँक्यू, डॉक्टर डक." आणि ती वरात पायरीपायरीने खाली गेली.

वर आम्ही दोघंच राहिलो. हे दगडी भिंतीच्या सावलीत टेकून बसले. मग त्यांनी पहिल्यांदा आजूबाजूला बघितलं, जंगल बघितलं, खाली मुंगीएवढा कोच बघितला. आवाज बदलला. "बराच उंच आलोय गं." मग थोड्या वेळाने, "मी चढलो कसा?"

"पायांनी," मी म्हटलं.

खाली कोचचा हॉर्न वाजला. उतरायला पाहिजे होतं. कुठल्या पायाने सुरुवात करायची, नजर कुठे ठेवायची, श्वास कसा घ्यायचा, माझं सगळं भाषण तयार होतं. हजार माणसांना दिलेलं. मी पुढे झाले, तोंड उघडलं आणि खाली बघितलं.

मी एक पाऊल मागे आले आणि भिंत धरली.

इतका उभा जिना! ह्यावर मी ह्यांना ढकलून चढवायला निघाले होते. मधे थांबले होते तेव्हा परत बसले असते तर? कोसळले असते तर? मी वर बसून केस सारखे करत होते. आणि एकदम मला ती सकाळ आठवली. मी स्वयंपाकघरात होते. बागेतला मशीनचा आवाज थांबला, मी तो थांबलेला ऐकला, आणि म्हटलं, झालं वाटतं गवत कापून. पाच मिनिटं मी भांडी घासत राहिले. खिडकी समोर होती, मान वर करून बघितलं नाही. हे मी लेकीला सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. त्या दिवसापासून रोज वरच्या खोलीत पडून मी खालचा आवाज ऐकते, खोकला, नळ, खुर्ची सरकल्याचा, आणि आवाज थांबला की माझा जीव जातो. सकाळी उठून मी त्यांच्यावर ओरडते, चढा, चाला, उठा. भित्रे आहात म्हणते.

"काय झालं?" हे मागून म्हणाले.

"अहो, हात द्या," मी म्हणाले. "मला भीती वाटते."

हे उठून जवळ आले. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, नाडीवर बोटं ठेवली आणि वॉर्डात विचारायचे तसं शांतपणे विचारलं, "कधीपासून?"

"चौदा महिने झाले," मी म्हणाले.

हे माझ्या बाजूने पुढे होऊन एक पायरी खाली उतरले, वळले, आणि हात वर केला.

"सावकाश ये," म्हणाले. "मी पुढे आहे."